आधी माळा
तरुणपणी मी दीडशहाणा होतो. ठाण्याला आगगाडी येऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. नकाशे आणि मोजमापं शिकून आलेलो, त्यामुळे खाडीकाठच्या नव्या दुमजली वखारीवर मला देखरेखीला नेमलं होतं. विलायतेहून आलेले पोलादी खांब, पोलादी तुळया. गावात कुणी असलं काही पाहिलं नव्हतं, आणि माझा तोरा तर काही विचारूच नका.

बाबा सुतार. लाकडाची घरं उभारण्यात त्यांचा जन्म गेला. एके दिवशी टेंभी नाक्यावरून माझी भाकरी घेऊन ते स्वतः चालत आले. भाकरीचं निमित्त हो, त्यांना पोलाद बघायचं होतं.

खांब दोन मजले उंच उभे होते, मधला माळा घातलेला नव्हता. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून मी आधी छप्पर चढवणार होतो, माळा मागाहून. बाबांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, एवढ्यात माणसं वर चढवू नकोस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे काय तुमचं सागवान आहे का, असं मी चारचौघांत बोलून गेलो.

ते रागावले नाहीत. वेताची एक बारीक छडी उचलून त्यांनी जमिनीवर उभी धरली आणि मला वरून दाबायला लावली. छडी लगेच बाकली. मग त्यांनी ती मधोमध चिमटीत धरली. मी चरफडत सगळा जोर लावला, पण छडी बाकेना.

"खांब माळ्याला धरतो, ते सगळ्यांना दिसतं," बाबा म्हणाले. "माळाही खांबाला धरतो, ते कुणी बघत नाही. आधी माळा घाल रे."

बारा माणसं वर चढणार होती. मी मुकाट्याने छपराचं काम थांबवलं, मधल्या तुळया खांबांना बोल्टांनी आवळल्या, वर फळ्या ठोकल्या आणि मगच छप्पर चढवलं. चारच दिवसांत खाडीवरून वादळ आलं. कोपऱ्यातला एक खांब माळ्याला जोडायचा राहिला होता, तेवढाच पोटातून वाकला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वखारीचा गोरा साहेब आला. वाकलेला खांब पाहिला, सरळ खांब पाहिले आणि मोडक्या मराठीत विचारलं, माळा आधी घालायचं कुणाला सुचलं? बाबा त्या दिवशीही भाकरी घेऊन आले होते, माझ्या शेजारीच फडकं धरून उभे होते.

"मला," मी म्हणालो.

साहेबाने माझी पाठ थोपटली. बाबांनी खाली बघून फडक्याची घडी घातली.

संध्याकाळी घरी पोचलो, तर ते आईला कौतुकाने सांगत होते, "अगं, साहेबाने पाठ थोपटली आपल्या पोराची. माळ्याचं त्यालाच सुचलं, बरं का." आणि माझ्या भातावर त्यांनी स्वतःच्या हाताने तूप वाढलं.

त्या तुपाची मला आजही लाज वाटते. बाबांना सुचलं होतं हो साहेब, माझ्या बाबांना.