आबांचा लॅपटॉप, खुलताबादच्या माळावर

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी पाहायला जातात. मी नाशिकहून निघाले ती मांडीवर एक खोकं घेऊन. आत लॅपटॉप होता, शाळेच्या वहीपेक्षा जरासा मोठा आणि स्वस्तातला. सिमकार्ड आतच बसवलेलं, म्हणजे घरात वायफाय नसलं तरी चालतं. माझा धाकटा भाऊ दत्ता कॅनडात असतो. त्यानं तिथूनच मागवून तो माझ्या पत्त्यावर पाठवला होता.

"ताई, आबांना नीट लावून दे. एकदा बाहेर नेऊन ट्रायलही घे," तो फोनवर म्हणाला होता. "आता मी रोज त्यांच्यासमोरच आहे असं समज."

आई गेली तेव्हा तो आला नव्हता. वर्षश्राद्धालाही नाही. हे मी फोनवर बोलले नाही. खोकं उचललं आणि एसटीत बसले.

येवल्यापर्यंत खिडकीबाहेर कांद्याची हिरवी रोपं होती. वैजापूर मागे पडलं तसं रान करडं होत गेलं. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, खोकं वर ठेवा की." मी ठेवलं नाही. काच फुटली असती तर दत्तानं दुसरं खोकं पाठवलं असतं, स्वतः आला नसता.

बसस्थानकावरून मुकुंदवाडीला शेअर रिक्षा केली. आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. लहानपणी त्यांनी खुलताबादच्या डोंगरात मेंढरं वळली आणि नंतर उभा जन्म कारखान्याच्या गेटवर रखवालदारी केली. मी लॅपटॉप उघडून दाखवला. त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"ह्यात येणार व्हय दत्ता?"

"हो. कुठंही दिसेल. तुम्ही म्हणाल तिथं नेऊ."

आबा म्हणाले, "मग माळावर ने. तुझ्या आईपाशी."

खुलताबादच्या पलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या माळावर जिथं आईला अग्नी दिला, तिथं आबांनी एक दगड शेंदूर न लावता नुसताच उभा केला आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रऊफभाईंची रिक्षा सांगितली. दौलताबादच्या रस्त्यावर पेरूवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. आबांनी पेरू घेतले, एकही खाल्ला नाही. खुलताबादच्या वेशीत आम्ही चहा घेतला आणि नानखलिया (जाड, पिवळसर तंदूर रोटी आणि मटणाचा रस्सा) मागवला. मी आणि रऊफभाई जेवलो. आबांनी रोटीचा एक तुकडा मोडून रश्शात बुडवला आणि तसाच राहू दिला.

"चाचा, खाओ ना. बेटे से बात करनी है, ताकत तो चाहिए," रऊफभाई म्हणाले.

"बोलायला कशाची ताकत लागती," आबा म्हणाले.

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गवत वाळून पांढरं पडलेलं. आबांनी दगडापाशी पेरू ठेवले. पडद्यावर उन्हामुळे काही दिसेना, म्हणून रऊफभाईंनी आपला गमछा वर धरला. लॅपटॉप मी आबांच्या मांडीवर ठेवला. दोनदा व्हिडिओ कॉल तुटला. तिसऱ्यांदा दत्ता दिसला, हातात कॉफीचा कप, मागे खिडकीबाहेर बर्फ.

"आबा! दिसतोय का मी? मस्त आहे हं तिथं. ताई, कॅमेरा चांगलाय गं."

आबा त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग अचानक बोलायला लागले.

"दत्ता, तुझ्या आईनं तुला लई इचारलं रं. शेवटच्या दिशी सारखं, दत्ता कुठवर आला, दत्ता कुठवर आला. मी म्हनलो, इमानात बसलाय, येतोय. तू बसला नव्हता. मला ठावं व्हतं. ती दाराकडं तोंड करून पडली ती तशीच गेली. नंतर मान सरळ करायला गेलो तर हुईना. आमच्या उभ्या संसारात मी तिच्याशी येकदा खोटं बोललो, आन् तेच तिनं शेवटचं ऐकलं."

मी पडद्याकडे पाहिलं. दत्ताचं तोंड अर्धवट उघडं होतं. कप छातीशी थांबला होता. चित्र केव्हाच गोठलं होतं. मी सांगायला पुढे झाले, पण रऊफभाईंनी मान हलवून मला थांबवलं.

शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि वाकून पाहू लागली. "कोणासंगं बोलतंय म्हातारं?"

"लेकासंगं," मी म्हणाले.

"फोटूच हाय की ह्यो," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

तेवढ्यात कप हलला. "आबा, मध्ये आवाजच गेला. काय म्हणालात?"

"काय नाय. जेवलास का?"

"आबा, इथं सकाळ आहे."

"बरं. मग जेव."

दत्ताला मीटिंग होती. त्यानं हात हलवला आणि पडदा काळा झाला.

परतीच्या रस्त्यावर शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा आबा म्हणाले, "त्यानं ऐकलं नाय ना?"

"नाही आबा. चित्र थांबलं होतं."

"दिसत व्हतं मला. कप खाली येत नव्हता." ते बाहेर बघत होते. "म्हणून तर बोललो. तू बी सांगू नको. हे ऐकून तो येणार, तर तसल्या येण्याला काय करायचं?"

नाशिकला परतताना मी एसटीत एकदा मोबाइल काढला आणि दत्ताला सगळं लिहायला घेतलं. मग मोबाइल पर्समध्ये टाकला. तो रडला असता, याची मला खात्री आहे. रडून झाल्यावर तो तिथंच राहिला असता, याचीही आहे.

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "ताई, आबांकडे रेंज फारच खराब आहे गं. दोन मिनिटं झाली की 'रेंज चालली' म्हणतात आणि बंदच होतं."

आबांच्या घरासमोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्यांच्या खाटेवरून तो दिसतो.

"हो रे," मी म्हणाले. "तिकडं रेंज नसतेच."

"मग दुसऱ्या कंपनीचं सिम पाठवतो," दत्ता म्हणाला.