मामांची बारावी

माझ्या मामांना नकार देऊ शकेल असा माणूस सुरतेत अजून जन्माला यायचा आहे. तशी 'नाही' म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण ते 'नाही' मामांपर्यंत पोचत नाही. शिरपूरकडून पोटासाठी आले आणि तीस वर्षं भेस्तानच्या कापड कारखान्यात बिघडलेले लूम चालू करणारे मास्तर म्हणून राबले, त्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले. उरलेल्या अर्ध्या कानांनी काय ऐकायचं हे ते स्वतः ठरवतात. भाव ऐकू येत नाही, सूट लगेच ऐकू येते.

त्यांचा छंद म्हणजे चिनी मातीच्या जुन्या, पांढऱ्या ताटल्या. फूल नको, सोनेरी रेघ नको, पांढरीच हवी. का, असं विचारलं तर म्हणतात, "पांढऱ्या ताटलीत वरण वरणासारखं दिसतं." दर रविवारी तापीकाठच्या जुन्या बाजारात उकिडवे बसून ते ताटल्या पारखतात, तेही असे की बघ्यांची गर्दी जमावी. ताटलीला तडा आहे की नाही हे तिच्या आवाजावरून कळतं, आणि मामांना आवाज ऐकू येत नाही. म्हणून ते ताटलीचा काठ दातांत धरतात आणि नखाने टिचकी मारतात. नाद जबड्यातून थेट डोक्यात जातो म्हणे. एकदा एक नवा विक्रेता घाबरून ओरडला होता, "अरे चाचा, पहले उसमें खाना तो डालो!" कपाटं भरली, पलंगाखालची जागा संपली, तेव्हा मामी एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आख्खं घर थाळ्यास्नी भरी गयं, आते माणसं कोठे बठतीन?" मामांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी आणखी अकरा आणल्या.

या अकरा मात्र वेगळ्या होत्या. काठाला बोटालाच जाणवेल अशी उठावाची वेल आणि तळाशी फिकट हिरवा जहाजाचा शिक्का. विकणाऱ्याने सांगितलं की संच बाराचा आहे, बारावी नानपुऱ्यात एका पारशी बाईंच्या घरी आहे आणि ती काही केल्या मिळायची नाही. शेवटचं वाक्य मामांच्या कानात शिरलंच नाही. त्या संध्याकाळी ते मला स्कूटर काढायला लावून नानपुऱ्यात हजर.

दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या, काठीसारख्या ताठ बाईंनी. एकट्याच राहत होत्या. अकरा ताटल्या त्यांच्या भावाने त्यांना न विचारता विकल्या होत्या. बारावीत त्या रोज जेवायच्या. "मारी थाळी आपी दऊं, ने हुं शेमां खाऊं?" ताटली दिली तर त्या जेवणार कशात, हा त्यांचा सवाल.

"नवी देतो ना, बाई! एकदम फर्स्ट क्लास," मामा म्हणाले.

"तो नवी तूं ज राख नी!" नवी मामांनाच ठेवायला सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

दुसरा कुणी तिथंच थांबला असता. मामा पुढच्या रविवारी गेले, त्याच्याही पुढच्या रविवारी गेले. कधी त्यांचा गळका नळ दुरुस्त केला, कधी खिडकीची कडी बसवली, आणि निघताना न चुकता ताटली मागितली. बाई न चुकता नाही म्हणाल्या. दोन वर्षं हे चाललं. नातेवाईक भेटले की विचारायचे, "काय मामा, बारावी झाली का?" आणि सातवी शिकलेले मामा ठणकावून सांगायचे, "या वर्षी होणार!"

मग एका रविवारी गेलो तर दार सताड उघडं. बाई घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि मुंबईच्या पुतण्याने त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. घरात भंगारवाले फिरत होते. ताटली ओट्यावर पालथी पडली होती. पुतण्या म्हणाला, "ले जाओ, अंकल. सब जाने ही वाला है."

अशी बारावी फुकटात हाती आली. मी स्कूटरवरून ओरडून अभिनंदन केलं. उधन्याचा पूल ओलांडल्यावर मामांनी विचारलं, "ती तिथं कशात जेवत असंल?"

"स्टीलच्या ताटात असेल, मामा."

"फिरव गाडी."

बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या, एकदम लहान दिसत होत्या. मामांनी ताटली पुढे केली. त्यांनी ती उलटी केली, जहाज पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला. वाटलं, आता रडतील. "धोई छे?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"दोनदा," मामा म्हणाले. बाईंच्या घरच्या नळावर धुतलेली मी पाहिली होती, एकदाच.

तेव्हापासून मामांचा रविवार तिकडे. मामीने दिलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी बाई आपल्या ताटलीत घ्यायच्या, मामा डब्याच्या झाकणात. गेल्या हिवाळ्यात बाई म्हणाल्या की त्या अकरा एकदा डोळ्यांनी बघायच्या आहेत. मामांनी त्या लूमच्या कोऱ्या कापडात लेकरासारख्या गुंडाळल्या आणि रिक्षा करून नेल्या. टेबलावर बाराच्या बारा मांडल्या. बाईंनी एकेकीला हात लावला, कुणाच्या लग्नात कोण जेवलं होतं ते सांगितलं. त्या दुपारी आश्रमातली बाराजणं त्यांत वरणभात जेवली. मामा उभ्यानेच वाढत होते, आणि "हळू, हळू!" म्हणून ओरडत होते.

घरी आल्यावर मामीने कापड सोडलं आणि मोजायला बसली. दहाच निघाल्या. तिने पुन्हा मोजल्या.

"एक कोठे गयी?"

मामा चपला काढत होते. वर न बघताच म्हणाले, "ठेवून आलो. बाईकडे पाव्हणं आलं तर ती काय हातावर वाढंल?"

बाईंकडे येणारा पाहुणा एकच आहे हे मामीलाही माहीत होतं. तिने दहा ताटल्या पुसल्या आणि एकेक करून कपाटात लावल्या.