पितळ तापतं, लाकूड तापत नाही

शाळामास्तरकी केली की किस्से साठतातच. खडूची पूड कोटावरून झटकता येते, हे झटकता येत नाहीत. जोगेश्वरीच्या आमच्या शाळेतले माझ्याकडचे बरेचसे किस्से परबचे आहेत. हसायला येईलच असं नाही, आधीच सांगून ठेवतो.

परब मूळचा मालवणचा, पाचवीला विज्ञान शिकवायचा. मधल्या सुट्टीत चहा आला की आम्ही सगळे धोतराच्या सोग्यात पेला धरायचो आणि हा पठ्ठ्या नुसत्या हातात! कोकणातली कातडी म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

•

एकदा तो माझ्याशी तावातावाने वाद घालत होता. हातातली विडी जळत जळत बोटांपर्यंत आली. कातडी करपल्याचा वास मला आला, त्याला काहीच कळलं नाही. तेव्हापासून मी चिडवणं सोडलं.

बोरीवलीच्या डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून बघितली. महारोगाची सुरुवात होती. गोळ्या घेतल्या तर आटोक्यात राहील, शाळेत शिकवायलाही हरकत नाही, असं ते म्हणाले. पण हे शाळेच्या चालकांना कोण पटवणार? नुसतं नाव कळलं असतं तरी नोकरी गेली असती, आणि पाठोपाठ चाळीतली खोली. त्याने फक्त मला सांगितलं.

"पोरींची लग्नं व्हायचीत रे माझ्या," एवढंच म्हणाला.

•

त्याचा पिशवीचा तास मुलांचा लाडका. पिशवीत हात घालायचा आणि न बघता वस्तू ओळखायची. गुळगुळीत ती काच, खरखरीत ते सुंभ. एकदा पोरं हट्टाला पेटली, आज गुरुजींनीच ओळखायचं. परबने उजवा हात पिशवीत घातला. बोटांना काय कळणार, कपाळ! त्याने सरळ पिशवी कानाशी नेऊन हलवली आणि वस्तू आवाजावरून ओळखायचा नवाच धडा सुरू केला. मुलं खूश. मी बाहेर व्हरांड्यात घामाघूम.

•

मग आली शाळेची तपासणी. साहेबांसमोर परबचा धडा ठरला. उकळत्या पाण्यात पितळी पळी आणि लाकडी डाव ठेवायचा, पितळ हाताला चटका देतं, लाकूड देत नाही, हे दाखवायचं. डावा हात शाबूत होता, म्हणून पळी डाव्या हातात धरायची, अशी आम्ही चांगली तालीम केली होती.

साहेब समोर बसले आणि घाईत परबने पळी उजव्या हातात धरली. मी दारात उभा. ओरडून सांगायचीही सोय नाही. तो आपला चटक्याची वाट बघत उभा. पाणी खदखदतंय, साहेब टक लावून बघतायत.

पहिल्या बाकावर कमल होती, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, चटका बसला ना तुम्हाला?"

परबने क्षणभर तिच्याकडे बघितलं, पळी टाकली आणि बोंब ठोकली. वर्ग हसला, साहेबही हसले. जाताना धडा फार जिवंत झाला म्हणाले.

तास सुटल्यावर मी परबच्या हातावर पाणी ओतत होतो. तळव्याला हा एवढा फोड. कमल जवळ येऊन उभी राहिली. तुला कसं कळलं गं, असं मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "आमचे बाबा पण आम्ही सांगितल्यावरच ओरडतात."