धंद्याची गाडी

रस्त्यात तपासणीचं पथक दिसलं की बाकीच्या पिकअप आडवाटेला लागायच्या. भानुदासमामा मात्र कुणी हात करण्याआधीच गाडी थांबवून खाली उतरायचे. "विचारा साहेब, काय विचारायचं ते." न पळणाऱ्या माणसाला काय विचारायचं, हे साहेबांना शिकवलेलं नसावं. ते हातानेच 'जा' म्हणायचे.

वडीगोद्रीत मी मास्तर होतो आणि मामा माझे शेजारी. पिकअप त्यांनी घरच्या मोसंबीसाठी घेतलेली. शेतीची म्हणून कर कमी. गावातल्या इतरांचा मालही ते भाड्याने जालन्याच्या बाजारात न्यायचे; तेव्हा ते चालायचं. शेजारच्या सीटवर कायम सुभद्रामामी. मूलबाळ नव्हतं. मामी रस्ताभर बोलायच्या, मामा रस्ताभर हुंकार द्यायचे. त्यांचा संसार बहुतेक त्या रस्त्यावरच झाला.

मग नियम बदलला. भाड्याने माल नेणाऱ्या पिकअपला धंद्याचा कर लागला. लोकांनी उपाय काढला, पथकाला सांगायचं, "पाहुण्याचा माल हाये साहेब, घरचाच." बघता बघता सगळा तालुका एकमेकांचा पाहुणा झाला. मामांनी मात्र कर भरून गाडी धंद्याची करून घेतली.

नियम समजावून द्यायला एक अधिकारी आले. मंडप, हार, स्वागतगीत, आभार. नियमाच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य आलं: "धंद्याच्या गाडीत माणसं दिसली, तर परवाना गेलाच समजा!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मामी एसटीने जाऊ लागल्या. मामा पिकअप घेऊन पुढे जायचे आणि माल उतरवून जालन्याच्या स्टँडवर त्यांची वाट पाहायचे.

"मोसंबीला गाडी अन् बायकोला तिकीट," मामी मला म्हणाल्या. "गुरुजी, यांना सांगा, मला पोत्यात घाला अन् न्या."

पुढे मामींच्या छातीत दुखू लागलं. जालन्याच्या डॉक्टरकडे खेपा सुरू झाल्या. एसटीची पायरी चढताना त्या मध्येच थांबून दम खायच्या. मी मामांना म्हणालो, "बसवा की शेजारी. कोण बघतंय?"

"कोन बघत न्हाई म्हून बसवायचं? मंग त्या पाहुण्यांत अन् माझ्यात फरक काय गुरुजी?" मग खाली बघत म्हणाले, "मला बी करमत न्हाई. मोकळ्या सीटशी बोलून राह्यलो."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी एसटी स्टँडवर लागली, सगळे उतरले. मामी खिडकीला डोकं टेकून बसलेल्या. डोळा लागला असेल, असं वाटून मामांनी बाहेरून काचेवर टिचकी मारली. दोनदा मारली. मग ते आत गेले.

तेरावं झाल्यावर मामांनी गाडी विकायची ठरवली. चौकशीसाठी आम्ही जालन्याच्या परिवहन कचेरीत गेलो. ते पिकअपने, मी एसटीने.

"चांगली गाडी का विकताय मामा?" कारकुनाने विचारलं.

"धंद्याची हाये. घरचं मानूस बसवता येत न्हाई."

कारकुनाने मान वर केली. "कोण म्हणालं? मनाई मागच्या हौदात बसवायला. पुढं ड्रायव्हरशेजारी बसू द्या की खुशाल."

"बराबर," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी सवयीने स्टँडकडे वळलो.

"गुरुजी, गाडीत चला."

मी पुढच्या दाराला हात घातला.

"तिथं नको," मामा म्हणाले. "तुमी मागं बसा."

मनाई मागेच होती. मी हौदात चढून बसलो.