हवा मीच भरणार

आमच्या बेंगळूरच्या रायफल क्लबात छऱ्याच्या बंदुकीत ‘हवा भरणे’ असे म्हणत, पण हवा कोणी भरत नसे. नळी दुमडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दबे आणि चाप ओढल्यावर ती स्प्रिंगच हवा ढकलून छरा उडवी. साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेजच्या संघात जाण्याइतका माझा नेम चांगला होता. पण ज्याने नेम धरायचा त्यानेच बंदूक भरायची, असा स्पर्धेचा नियम होता. माझी नळी अर्ध्यावरच अडे.

“तू नुसता नेम धर, हवा मी भरतो,” थोरला भाऊ म्हणाला.

“मग पदकही तूच घे, अण्णा.”

क्लबात नेमबाजी शिकवणारे, संघ निवडणारे शिक्षक हसले. “स्वल्प, थोडं जास्त जेवत जा, मग ये.”

मी दस्ता मांडीवर टेकवला, नळी मधोमध न धरता टोकाशी धरली आणि ओढली. खटका बसला. अण्णाने हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. चाळीस छरे झाडले, चाळीस वेळा नळी स्वतः ओढली.

“हात दुखत नाहीत?” शिक्षकांनी विचारले.

“दुखतात. संघाच्या यादीत नाव लिहा.”