दाराबाहेर ठेवलेली धाप

चारही चौकटींत 'नाही'ची फुली मारून डॉक्टरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "नेक्स्ट."

मूल तालुक्यातल्या एका गावातलं आरोग्य शिबिर. राइस मिलमध्ये पाखडण्याचं काम करणाऱ्या बायकांची छाती तपासायची होती. डॉक्टर बाहेरचे, त्यांना मराठी येत नव्हतं. मी दुभाषी. कॉलेजचं तोंड न पाहता इंग्रजी शिकले आणि बावीस वर्षं त्यावरच उभी आहे.

फॉर्मवर श्वासाचे चार इंग्रजी शब्द होते. पँट म्हणजे धाप. गॅस्प म्हणजे अंगावर गार पाणी पडलं की आपण एकदम आत ओढतो तो श्वास. साय म्हणजे सुस्कारा. व्हीझ म्हणजे श्वास सोडताना छातीतून येणारी बारीक शिट्टी. प्रत्येकामागचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून चौकटीही वेगळ्या. या चारांसाठी इकडचे शब्द मी दोन महिने बाजारात, एसटीत बायकांशी बोलून गोळा केले होते. संस्थेने त्यांची पुस्तिका छापली. त्यात संचालकांचं नाव आहे, टाइप करणाऱ्याचं आहे, कागद पुरवणाऱ्याचे आभारही आहेत. माझं नाव नाही.

समोर शेवंताबाई बसली होती. वय साठीच्या आसपास.

"धाप लागते काय, बाई?"

"नाई."

"श्वास सोडताना शिट्टी वाजते काय?"

"शिट्टी त आमचा मुकादम वाजवते. मी कायले वाजवू?"

रांगेतल्या बायका हसल्या. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून पाहिला. छाती साफ. म्हणून त्या चार फुल्या. एकही 'हो' नसेल तर गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कोंड्याच्या धुळीत.

ती उठली तेव्हा लुगड्याला मागे माती दिसली.

"बाहेर बसली होती काय, बाई?"

"मंग? एवढा चढ चढून आली. हापत हापत कोणाच्या समोर जाते काय कोणी? दम खाल्ला, तोंड धुतलं, तवा आत आली."

"किती वेळ बसली?"

"पायरीवरची सावली खाली उतरली, तितका."

माझी आईही मिलमध्ये पाखडायची. संध्याकाळी ती लगेच घरात येत नसे. दाराखालच्या फटीतून तिची पावलं दिसायची. मी आतून हाका मारायची. पावलं हलायची नाहीत. मी चिडायची. मग दार उघडायचं आणि आई हसत आत यायची. तिची धाप मी एकदाही ऐकली नाही. ती जाऊन खूप वर्षं झाली, पण दिवस मावळला की माझी नजर अजून त्या फटीकडे जाते. धापेसकट ये, तशीच आत ये, एवढं म्हणायचं राहून गेलं.

"डॉक्टर, फुल्या खोडा," मी इंग्रजीत म्हटलं.

"मॅडम, छाती साफ आहे. बाहेर रांग बघा."

"ती धाप दाराबाहेर ठेवून आली आहे. तिच्या हातात सूप द्या. दहा मिनिटं."

"दोन."

"आठ. नाहीतर त्या रांगेशी तुम्हीच बोला. कोणत्या भाषेत, ते तुमचं तुम्ही बघा."

"पाच."

"पाच. पण घड्याळ मी लावणार."

शिबिराच्या स्वयंपाकाचे तांदूळ होते. शेवंताबाई पाखडायला बसली. सुरुवातीला नुसता सुपाचा आवाज. तिसऱ्या मिनिटाला तिचे खांदे वर चढू लागले. चौथ्या मिनिटाला ती बारीक शिट्टी मलाही ऐकू आली. डॉक्टर खुर्ची सोडून जमिनीवर, तिच्या पाठीशी बसले.

शेवंताबाईने तोंडाला पदर लावला. "लाज घालवली न माई, सगळ्यांसमोर!"

"वाजू द्या, बाई," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दोन फुल्या खोडल्या आणि चिठ्ठी लिहिली. शेवंताबाई आता पाखडत नाही, पोती शिवते. औषधाचा स्प्रे कंबरेच्या पिशवीत असतो. मुकादमाला तो दाखवून म्हणते, "हे माही शिट्टी."

त्या आठवड्यात मी संस्थेत जाऊन भांडले. पुस्तिकेत माझं नाव हवं आणि फॉर्मवर एक प्रश्न हवा, असं मागितलं. प्रश्न मिळाला. आता चारही चौकटींच्या वर छापलेला असतो : आत येण्याआधी बाहेर किती वेळ बसलात?

नावाचं भांडण चालू आहे. प्रश्न मात्र मी प्रत्येक बाईला विचारते. जिला विचारायचा होता, तिला सोडून.