लोटिनीची चेन

लोटू पाटलाच्या हातची बॅग फाटली असं सुरतेच्या भेस्तानमध्ये कोणी कधी सांगितलं नाही, आणि त्याचं दुकान न चालण्याचं कारणही तेच होतं. शिंदखेड्याकडचा हा माणूस सुरतेला आला तो कापडाच्या लूमवर. लूमच्या आवाजाने कान बधिर व्हायला लागले तेव्हा एका बॅगवाल्याकडे शिलाई मशीनवर बसला आणि पुढे स्वतःचं मशीन टाकलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाणारे मजूर त्याच्याकडून जाड कॅनव्हासच्या बॅगा नेत. तळाला दुहेरी कापड, बंदांना उभी-आडवी शिलाई. अशी बॅग एकदा नेलेला माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नसे. चढायचं कशाला? बॅग तशीच्या तशी असायची.

"चांगला माल करणारा उपाशी मरतो, लोटुभाई," मगनभाई म्हणायचे. हे कतारगामचे रेक्झिनचे व्यापारी, लोटूला माल पुरवणारे. "माणूस कपडे भरायला बॅग घेतो, असं तुम्हाला वाटतं. अरे भाई, तो चार माणसांना दाखवायला घेतो."

त्र्याण्णव साली मगनभाईंनीच नवी बॅग काढायला लावली. मरून रेक्झिन, कडेला लाल पाइपिंग, आत फोम, वरून पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर. 'लोटू' नाव त्यांनी ऐकताक्षणीच मोडीत काढलं. बॅगेवर सोनेरी अक्षरांत छापलं 'लोटिनी', आणि खाली बारीक 'पॅरिस'.

"पॅरिस कुठे आलं?" लोटूने भीतभीत विचारलं.

"सुरतेबाहेर, पलसाण्याच्या पुढे. तुमच्या गिऱ्हाइकाला कुठे जायचंय तिथे?"

पहिला सगळा लॉट छगन मुकादमाने उचलला. छगन लूमना मजूर पुरवायचा, हातात पैसा खेळत होता. बहिणीच्या लग्नात मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपीपेक्षा काही भारी द्यावं, अशी त्याची हौस. बॅगा वाटल्या गेल्या. एक नग लोटूने बायकोसाठी ठेवला होता. अनुसयाने कौतुकाने त्यात ठेवणीतल्या साड्या भरल्या, चेन लावली, आणि सकाळी बघते तर चेन उघडेना. लोटूने मेण चोळलं, तेल सोडलं, शेवटी चेनचा सरकता रनरच कापावा लागला. तेव्हा उलगडा झाला. मगनभाईंनी स्वस्तात आणलेले ते रनर एकदा उघडत, एकदा बंद होत, आणि मग त्यांची जी दातखीळ बसे ती कायमची.

लोटू तसाच कतारगामला गेला.

"तोंड उघडू नका," मगनभाई शांतपणे म्हणाले. "कोण येतंय ते बघू."

कोणी आलं नाही. आखाजी गेली, दिवाळी गेली. रस्त्यात कोणी त्या लग्नातला पाहुणा भेटला की लोटू अंग चोरून विचारायचा, "बॅग कशी चालते, भाऊ?"

"एक नंबर! आजून पिलास्टिकबी काढेल नही."

एवढी भारी बॅग वापरायची म्हणजे नासवायचीच. ती कपाटावर ठेवायची आणि आपल्या घरी कोणाला मान द्यायची वेळ आली की प्लॅस्टिकसकट पुढे आहेर करायची. टॉवेल-टोपी नाही का, या लग्नातून त्या लग्नात जन्मभर फिरते, तशीच ही फिरू लागली. लाउडस्पीकरवरून नावासकट पुकारा होऊ लागला. प्लेगच्या साली माणसं सुरत सोडून निघाली तेव्हा कितीकांनी कपडे चादरीत बांधले आणि डोक्यावर लोटिनी घेतली, रिकामी. कोणाचा तरी भाचा नोकरीला मस्कतला गेला, तो घेऊन गेला. तिथेही ती कपाटावरच होती म्हणतात, पण लोटिनी परदेशात जाते ही बातमी धुळ्यापर्यंत पोचली.

दुसऱ्या लॉटपासून लोटूने चांगले पितळी रनर लावले आणि वेगळेपण कळावं म्हणून पाइपिंग काळं केलं. दुकानाला काच आली, बोर्ड आला, लोक लोटूशेठ म्हणू लागले. पण कोणाच्या कपाटावर लाल पाइपिंग दिसलं की शेठ चहा अर्धाच टाकून उठत. बॅग करणाऱ्यानेच देवाला विनवावं की माझी बॅग कोणी वापरू नये, असे ते दिवस होते.

आणि ती वापरली गेली, तीही त्याच्याच मांडवात.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मुलीचं, जयश्रीचं लग्न निघालं. जावई नितीन पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला. नवरीचे कपडे वरपक्षाने आणायचे, मांडवात सगळ्यांदेखत उघडून दाखवायचे आणि त्यातला शालू नेसून नवरीने बोहल्यावर उभं राहायचं, अशी रीत. व्याह्यांनी ते कपडे मोठ्या मानाने लोटिनीत भरून आणले. नवरदेवाचे काका दगाभाऊ टेम्पोतून उतरले ते बॅग डोक्यावर घेऊनच. लोटूने आधी पाइपिंगकडे बघितलं. लाल.

"कोणी भरली?" त्याने विचारलं.

"मी भरी ना, काल रातले," विहीणबाई प्रमिलाबाई कौतुकाने म्हणाल्या. "तीन वरीसमा पहिल्यांदा प्लॅस्टिक काढं."

बायका गोल करून बसल्या. प्रमिलाबाईंनी चेन ओढली. मग पाय रोवून ओढली.

"हाई उघडस नही व!"

"जोर लाव ना, वहिनी. सून येवाना आधीच हात गयात का तुना?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

दगाभाऊंनी ओढून बघितलं. नवरदेवाच्या मित्रांनी दोन बाजूंनी धरून बघितलं. भटजी घड्याळाकडे बघू लागले. आतल्या खोलीत जयश्री हळदीच्या पिवळ्या साडीत, केसांत गजरा माळून बसली होती. "आई, शालू आला का गं?" एवढं तिचं ऐकू आलं, आणि लोटू उठला.

"ब्लेड आणा. कापा ती. दगाभाऊ, चूक माझी आहे. त्या लॉटचा रनरच खराब..."

"बेसो, लोटुभाई, बेसो!" मगनभाईंनी त्याची बाही ओढली. "स्वतःचं दुकान स्वतः जाळता?"

पण जाळायची चिंता मगनभाईंनी करायला नको होती. दगाभाऊंनी हात वर करून मांडव गप्प केला.

"खराब? व्याही, तुम्ही मोठी माणसं, मोठेपणाने बोलता. मी सांगतो ना! असली मालाची चेन अशी कोणाच्याही हाताला वश होत नाही. पॅरिसचं लॉक आहे ते. चोराने जन्मभर ओढली तरी हलायची नाही."

"मग आपण काय चोर शेत का?" प्रमिलाबाई म्हणाल्या, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मांडवातून "हां, बराबर!" असा आवाज निघाला.

"अहो, मी बनवली आहे ती!" लोटू म्हणाला.

"बनवली असेल. आता आमची आहे."

लोटूने पुढे होऊन बॅगेला हात घातला, तर दगाभाऊंनी ती पोटाशी धरली. "शालूला सुरतेत तोटा नाही, व्याही. ही बॅग पुन्हा मिळणार नाही. कापायला काय गोणी आहे?"

मुहूर्त टळत आला होता. जयश्रीचं लग्न पिवळ्या साडीतच लागलं. अंतरपाट धरला तेव्हा तिने बापाकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. पाठवणीला बॅग पुढे गेली, नवरी मागून गेली.

त्यानंतर दुकानात बॅगा परत यायला लागल्या. सगळ्या काळ्या पाइपिंगच्या.

"शेठ, डुप्लिकेट दिली आम्हाला. चेन उघडते."

लोटूने समजावलं, शपथा घेतल्या. चांगली चेन उघडायलाच असते, हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं त्यालाच वाटायला लागलं. शेवटी मगनभाई जुने रनर शोधून घेऊन आले, आणि लोटूने मुकाट्याने लाल पाइपिंग पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून नाशिकचेही व्यापारी दारात उभे राहू लागले.

पुढच्या आखाजीला जयश्री माहेरी आली ती लोटिनी घेऊनच. सोनेरी अक्षरं पुसट झालीत, कंपनीतून उजळून आणते, असं सासरी सांगून आली होती.

"दादा, शालू अजून आतच आहे," ती बापाला म्हणाली. "सासूबाई दर शनिवारी पुन्हा चढवलेलं प्लॅस्टिक पुसतात. मी एकदा म्हटलं, कापून बघू का, तर दोन दिवस घरात कोणी बोललं नाही माझ्याशी."

लोटूने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. चेनला त्याने हातही लावला नाही. बॅग पालथी केली, चष्मा लावला आणि तळाची शिवण टाका टाका उसवली. बॅगेच्या तळाकडे कोणी बघत नाही, हे बॅगवाल्याशिवाय कोणाला कळणार? शालू बाहेर आला, हिरवा, जरीचा, घड्यांवर पांढुरक्या रेषा पडलेला. जयश्रीने तो तिथेच दुकानाच्या मागच्या खोलीत नेसला. तिला आपलीच दृष्ट लागेल की काय अशा भीतीने अनुसयाने कडाकडा बोटं मोडली.

"सासरी नेशील?" लोटूने विचारलं.

"कसा नेऊ? शालू दिसला म्हणजे चेन उघडली. चेन उघडली म्हणजे बॅग नकली. मग दगाकाका जीव देतील."

ती हसली. लोटूला हसू आलं नाही. आखाजीचे सगळे दिवस पोरगी तोच शालू नेसून भेस्तानच्या गल्लीत फिरली, झोक्यावर बसली, आणि जायच्या आदल्या दिवशी घडी घालून आईच्या हवाली केला. लोटूने बॅगेत रेक्झिनच्या चिंध्या दाबून भरल्या आणि जुन्याच भोकांतून तळ पुन्हा शिवला.

न्यायला दगाभाऊ आले. चहा झाल्यावर त्यांनी आधी बॅग हातात घेतली, तोलून बघितली, आणि समाधानाने मान हलवली.

"बघा व्याही, असली माल वजनावरूनच कळतो."

"कळतो तर," लोटू म्हणाला, आणि त्याने स्वतः बॅग उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.